एन्कोडिंगचे बग उघडे असताना मोठी आवृत्ती काढायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषा आहे. तिची पुढची मोठी आवृत्ती मागच्या आवृत्तीशी सुसंगत राहणार नाही, कारण स्ट्रिंग म्हणजे यापुढे नुसती बाइटची रांग नसेल, तो युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) मजकूर असेल. तारीख जाहीर झाली आहे. ट्रॅकरवर, म्हणजे बगांच्या यादीवर, एन्कोडिंगचे (मजकूर बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीचे) बरेच बग उघडे आहेत, त्यातले काही वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक असलेले. चमूत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळे बग मिटल्याशिवाय आवृत्ती काढू नका. दुसरा म्हणतो, तारीख पाळा, उरलेलं पुढच्या छोट्या आवृत्तीत बघू. ऐकावं कोणाचं, आणि जुनी आवृत्ती बंद कधी करावी?

माझं मत : दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. किती बग उरलेत हा आकडा इथं फार काही सांगत नाही. एन्कोडिंगचे बग कधीच शून्यावर येत नाहीत, कारण त्यातले बहुतेक तुमच्या भाषेच्या पोटात नसतात. ते वेशीवर असतात : फाइलचं नाव, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कमांड लाइन, टर्मिनल, सॉकेट. तिथून येणाऱ्या बाइटवर तुमचा ताबा नाही आणि उद्याही नसणार. म्हणून प्रत्येक बगला एकच प्रश्न विचारा. हा बग दोन वर्षांनी दुरुस्त केला, तर आज लिहिलेला आणि आज बिनतक्रार चालणारा प्रोग्राम तेव्हा वेगळं वागेल का? वागणार असेल, तर त्याचा निकाल आवृत्तीच्या आधीच लावावा लागेल. वागणार नसेल, तर तो थांबू शकतो, मग ट्रॅकरवर त्याच्याखाली कितीही संतप्त प्रतिक्रिया असोत.

या प्रश्नातून एक फार उपयोगी नियम निघतो. जिथं आज एरर येते, तिथं उद्या एरर काढून योग्य उत्तर देता येतं. एररवर कोणी प्रोग्राम बांधत नाही, त्यामुळे कोणाचं काही मोडत नाही. पण जिथं आज भाषा काहीतरी उत्तर देते, मग ते चुकीचं का असेना, तिथं त्या उत्तरावर लोक घरं बांधतात आणि ते बदलणं पुढं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून तारीख जवळ आली आणि एखाद्या ठिकाणी काय करावं हे ठरतच नसेल, तर तिथं स्पष्ट एरर द्या आणि पुढं जा. अंदाज बांधून उत्तर देऊ नका.

भाषांच्या मजकूर हाताळणाऱ्या भागावर मी बरीच वर्षं काम करतो आहे, आणि या नियमाचा खरेपणा तपासायला पायथॉन ३ इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथं सगळं उघड्यावर घडलं, नोंदलं गेलं, आणि परिणाम दिसायला पुरेसा काळही गेला.

आधी पार्श्वभूमी. पायथॉन २ मध्ये बाइटची स्ट्रिंग आणि युनिकोड स्ट्रिंग एकमेकींना जोडली, तर भाषा मधल्या मधे आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) धरून रूपांतर करायची. इंग्रजी नावं असेपर्यंत सगळं सुरळीत. यादीत पहिलं देवनागरी नाव आलं की प्रोग्राम कोसळायचा, आणि तोही जिथं चूक झाली तिथं नाही, तिथून चार फंक्शनं पलीकडे. चाचण्या लिहिणाऱ्यांच्या डेटात असं नाव नसायचं, त्यामुळे हे ग्राहकाच्या यंत्रावर कळायचं. हा दोष छोट्या आवृत्तीत मिटण्यासारखा नव्हताच. तो मिटवायला सुसंगती तोडावी लागणार होती, आणि पायथॉन ३.० नं ती तोडली. मजकूर वेगळा, बाइट वेगळे, आपोआप मिसळणं बंद. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही ठामपणे वाटतं.

पायथॉन २.६ आणि ३.० एकत्र काढायचं ठरलं होतं. २००८ च्या सप्टेंबरात, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात, फाइलच्या नावांचा प्रश्न ऐरणीवर आला. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे बाइट. ते वैध यूटीएफ-८ (युनिकोडचं सर्वांत रूढ एन्कोडिंग) असलंच पाहिजे असं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणत नाही. मग नाव मजकूर म्हणून द्यायचं आणि ते डिकोडच होत नसेल, तर काय करायचं? २.६ ठरल्याप्रमाणे १ ऑक्टोबरला निघालं, ३.० मागं राहिलं आणि ३ डिसेंबर २००८ ला आलं. मधल्या काळात तोडगा निघाला तो असा : फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणाऱ्या लिस्टडिर फंक्शनला बाइट दिले तर ते बाइटमध्ये नावं देईल, आणि मजकूर दिला तर मजकुरात. मजकुरात देताना जे नाव डिकोड होणार नाही, ते यादीतून वगळलं जाईल. एरर नाही, इशारा नाही. हे दस्तऐवजात लिहिलेलं होतं, लपवलेलं नव्हतं.

यातला पहिला अर्धा भाग उत्तम आहे. बाइटची वाट मोकळी ठेवली, म्हणजे ज्याला प्रत्येक फाइल हवीच आहे त्याला ती मिळवता येते. दुसरा अर्धा भाग आवृत्तीत जायला नको होता. बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसानं तो परिच्छेद वाचलेला नसतो. त्याच्या स्क्रिप्टनं काही फाइली घेतल्या नाहीत, हे त्याला डिस्क गेल्यावरच कळणार. मजकूर किंवा फाइल न सांगता गळत असेल, तर माझ्या लेखी तो विनाशर्त ब्लॉकर, म्हणजे आवृत्ती अडवून धरणारा बग, आहे. तिथं वरचा प्रश्नही विचारायचा नाही.

आणि उपाय किती जवळ होता बघा. २००९ च्या एप्रिलमध्ये मार्टिन फॉन ल्योविस यांनी पेप ३८३ लिहिला (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव). जो बाइट डिकोड होत नाही, त्याच्या जागी युनिकोडमधला एक एकटा सरोगेट कोडपॉइंट (कोणत्याही अक्षराला न दिलेला राखीव क्रमांक) ठेवायचा आणि नाव परत सिस्टिमकडे जाताना त्याचा पुन्हा तोच बाइट करायचा. त्यामुळे कोणतंही नाव मजकूर म्हणून आत येऊन जसंच्या तसं बाहेर जाऊ शकतं. २७ जून २००९ च्या ३.१ मध्ये हे आलंसुद्धा. यादीत आता सगळ्या फाइली येऊ लागल्या. म्हणजे वागणूक बदलली, करार बदलला, आणि तरी फारसं कोणाचं काही मोडलं नाही, कारण ३.० वर महत्त्वाचं काम करणारे लोक तेव्हा मोजकेच होते. ही सवलत तुम्हालाही मिळेल, पण थोडेच महिने. लोक यायला लागले की ती संपते. म्हणून तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत फार अंतर ठेवू नका, आणि पहिलीबद्दल स्पष्ट सांगा की वेशीवरचे काही नियम पुढच्या आवृत्तीत बदलू शकतात. कोणते, तेही नावानिशी लिहा.

आता थांबवता आले असते आणि थांबवले ते योग्यच झालं, अशा बगांकडे बघा. ३.० चं इनपुट-आउटपुट शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलेलं असल्यामुळे फार संथ होतं. ३.१ मध्ये ते सी मध्ये पुन्हा लिहिलं. एकाही प्रोग्रामचं उत्तर बदललं नाही, फक्त लवकर यायला लागलं. अशा दोषासाठी तारीख हलवू नये. युनिकोड स्ट्रिंग मेमरीत कशी साठवायची हा प्रश्न तर ३.३ पर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०१२ पर्यंत खुला राहिला. पेप ३९३ नं प्रत्येक स्ट्रिंगला तिच्यातल्या सर्वांत मोठ्या कोडपॉइंटप्रमाणे अक्षरामागे १, २ किंवा ४ बाइटची साठवण दिली. पायथॉन लिहिणाऱ्या बहुतेकांना हा बदल जाणवलाही नाही. सी एक्स्टेन्शन (पायथॉनला जोडायचे सी भाषेतले भाग) लिहिणाऱ्यांसाठी जुनी फंक्शनं ठेवली, आणि ती २०२३ च्या ३.१२ मध्ये काढली. अकरा वर्षांचा पूल. विंडोजवर मात्र याआधी इमोजीसारख्या अक्षराची लांबी २ यायची, ती १ झाली. तेवढ्यापुरता करार बदलला, आणि ते बदलायला नको होतं असं कोणी म्हणेल असं वाटत नाही. पण साठवणीची रचना भाषेच्या पृष्ठभागावर दिसू दिली की असं होतं, एवढं लक्षात ठेवा. देवनागरीला याचा त्रास झाला नाही, कारण आपली सगळी अक्षरं पहिल्या ६५,५३६ कोडपॉइंटमध्ये बसतात.

एररचा नियम कसा कामी येतो, तेही इथंच दिसतं. ३.० मध्ये युनिकोड स्ट्रिंगच्या आधी यू लावायची जुनी पद्धत काढून टाकली होती, लावलं तर वाक्यरचनेची एरर. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा एकच कोड लिहिणं त्यामुळे अवघड झालं. पेप ४१४ नं ३.३ मध्ये ते यू परत आणलं. कोणाचं काही मोडलं का? नाही, कारण तोवर तिथं एररच होती. बाइटवर टक्के चिन्हानं फॉरमॅटिंग करणंही असंच, ३.० मध्ये बंद, पेप ४६१ मुळे सप्टेंबर २०१५ च्या ३.५ मध्ये परत सुरू. उशीर भोवला, हे खरं. मर्क्युरिअलसारखा कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रकल्प, ज्याचं सगळं काम फाइलींच्या बाइटशी आहे, तो पायथॉन ३ वर यायला २०१९ ची अखेर उजाडली. पण निर्णय बदलता आला, हे महत्त्वाचं. दार बंद ठेवलेलं होतं म्हणून ते उघडता आलं.

आणि आता सर्वांत महाग पडलेली गोष्ट. ती तेव्हा बग म्हणून कोणाच्या ब्लॉकरच्या यादीत नव्हती. ती एक डिफॉल्ट होती. ओपन फंक्शनला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर यंत्राच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे, घ्यायचं. लिनक्स आणि मॅकवर ते बहुतेक यूटीएफ-८ निघायचं, म्हणून भाषा घडवणाऱ्या पुष्कळांना त्रास दिसलाच नाही. विंडोजवर ते त्या यंत्राचं जुनं कोडपेज (युनिकोडपूर्व काळातलं, ठरावीक भाषांपुरतं एन्कोडिंग) निघतं. मराठीसाठी विंडोजमध्ये असं सिस्टिम कोडपेज नाही. इंग्रजी (भारत) लावलेल्या यंत्रावर १२५२ मिळतं, जे पश्चिम युरोपीय भाषांसाठी आहे.

पुढचं उदाहरण मी प्रत्येक चमूला सांगतो. यूटीएफ-८ मध्ये साठवलेली शहरांची यादी अशा यंत्रावर एन्कोडिंग न सांगता वाचा. "नाशिक" आणि "ठाणे" वाचले जातात, एरर येत नाही, फक्त हातात येतो तो à-सारख्या परक्या अक्षरांचा कचरा. "पुणे" मात्र कोसळतं. कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१ आहे. १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, त्यातली ही एक. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ए चा ८एफ, झ चा ९डी. तेही रिकाम्या जागांवर पडतात. म्हणजे जोडाक्षर किंवा असं एखादं अक्षर-चिन्ह आलं की एरर, नाही आलं की मुकाट कचरा. ज्याच्या चाचणीच्या फाइलीत योगायोगानं नाशिक आणि ठाणेच आहेत, त्याची चाचणी हिरवी होते आणि बिघडलेला मजकूर डेटाबेसमध्ये जाऊन बसतो.

लिहिताना तर आणखी वाईट. फाइल लिहिण्यासाठी उघडली की तिच्यातला आधीचा मजकूर पुसला जातो, आणि मग पहिल्याच देवनागरी अक्षरावर एरर येते. हातात रिकामी फाइल.

हे डिफॉल्ट बदलायला किती काळ लागला, तो क्रम पाहा. विंडोजच्या कन्सोलवर आणि फाइलच्या नावांसाठी यूटीएफ-८ आलं ते डिसेंबर २०१६ च्या ३.६ मध्ये, पेप ५२८ आणि ५२९ मुळे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप) किंवा कंटेनरमध्ये सी लोकेलखाली, म्हणजे कोणतीही भाषा न ठरवलेल्या सेटिंगखाली, चालणारा प्रोग्राम आस्की धरायचा, ते जून २०१८ च्या ३.७ मध्ये पेप ५३८ आणि ५४० नं सुधारलं, आणि त्याच वेळी एक ऐच्छिक यूटीएफ-८ मोड आला. २०२१ च्या ३.१० मध्ये, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर इशारा देण्याची सोय आली, तीही मागितली तरच. आणि ओपनचं डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ करण्याचा निर्णय पेप ६८६ नं घेतला तो ३.१५ साठी, ज्या आवृत्तीचं वेळापत्रक २०२६ चं आहे. २००८ पासून मोजा, अठरा वर्षं. ३.० च्या आधी हे एका ओळीचं काम होतं, आणि सुसंगती तशीही तुटतच होती. तुमच्या हातात आज तीच वेळ आहे. दुसरं काही जमलं नाही तरी हे एक करा : डिफॉल्ट यूटीएफ-८ ठेवा, नाही तर एन्कोडिंग सांगितल्याशिवाय मजकूर-फाइल उघडूच देऊ नका.

यंत्राचं लोकेल बघून हुशारी करण्याचा मोह पर्ल या भाषेच्या ५.८.० आवृत्तीलाही झाला होता, जुलै २००२ मध्ये. लोकेल यूटीएफ-८ असेल तर फाइलही आपोआप यूटीएफ-८ म्हणून वाचायची. त्याच वर्षी सप्टेंबरात रेड हॅट लिनक्स ८.० यूटीएफ-८ लोकेल लावून आणि पर्ल ५.८.० घेऊन बाजारात आलं. बायनरी फाइली वाचणाऱ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या स्क्रिप्ट मोडल्या. ५.८.१ मध्ये हे वागणं मागं घ्यावं लागलं. तिथं नशीब एवढंच की मागं घ्यायला फक्त एक वर्ष लागलं.

डिफॉल्ट उशिरा बदलायचंच झालं, तर जावानं ते नीट केलं. मार्च २०२२ च्या जेडीके १८ या जावाच्या आवृत्तीत यूटीएफ-८ डिफॉल्ट झालं. आधीच्या आवृत्त्यांवर एक ऑप्शन लावून आपला प्रोग्राम नव्या वागणुकीत आधी चालवून बघता येत होता. नंतर जुनी वागणूक हवी असेल तर तिच्यासाठीही ऑप्शन ठेवला. आणि कन्सोलला त्यांनी हात लावला नाही, कारण कन्सोल पलीकडून काय समजतो हे भाषेला ठरवता येत नाही. फाइल आणि कन्सोल हे वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या ट्रॅकरवर ते बहुतेक एकाच लेबलखाली असतील, ते आजच वेगळे करा.

"सगळे बग मिटल्याशिवाय नको" म्हणणाऱ्या तटाला पीएचपी ६ ची आठवण द्यायला हवी. २००५ मध्ये आंद्रे झ्मिएव्स्की यांच्या पुढाकारानं काम सुरू झालं. आयसीयू ही युनिकोड हाताळणारी लायब्ररी घ्यायची आणि भाषेच्या आत सगळीकडे यूटीएफ-१६ ठेवायचं, अशी योजना. पण वेबचा बहुतेक मजकूर यूटीएफ-८ मध्ये येतो आणि यूटीएफ-८ मध्येच जातो. म्हणजे प्रत्येक विनंतीला आत येताना एक रूपांतर आणि बाहेर जाताना दुसरं. मेमरी वाढली, वेग घटला, प्रत्येक एक्स्टेन्शन नव्यानं लिहावं लागणार होतं, आणि हे काम समजणारी माणसं थोडी होती. बाकीची सगळी नवी वैशिष्ट्यं त्या एका न संपणाऱ्या कामामागं अडकली. नेमस्पेस, क्लोजर आणि इंटरनॅशनलायझेशनचं एक्स्टेन्शन शेवटी जून २००९ मध्ये ५.३ च्या नावानं बाहेर काढावं लागलं. मार्च २०१० मध्ये ६ चा प्रयत्न सोडून दिला, आणि पुढची मोठी आवृत्ती आली ती ७ या क्रमांकानं, डिसेंबर २०१५ मध्ये. ६ हा आकडा वगळूनच.

तिथं दोष फक्त उशिराचा नव्हता. मजकुराचा बदल आणि बाकीची वैशिष्ट्यं एकाच गाडीत बसवली होती. तुमच्या आवृत्तीत मजकुराशी संबंध नसलेलं काही तयार असेल, तर ते जुन्या आवृत्तीच्या शाखेत आत्ताच काढा. मग एन्कोडिंगच्या कामावरचा दबाव निम्मा होतो आणि चमूतली भांडणंही.

रूबीनं तिसराच मार्ग घेतला, प्रत्येक स्ट्रिंगसोबत तिचं एन्कोडिंग. तो इथं फार लांबवत नाही. पण १.९ मध्ये सोर्स फाइलचं डिफॉल्ट यूएस-आस्की होतं, देवनागरी अक्षर कोडमध्ये आलं की एरर, वर खास कॉमेंट लिहावी लागायची. फेब्रुवारी २०१३ च्या २.० मध्ये ते यूटीएफ-८ झालं आणि बदल बिनबोभाट पार पडला. पुन्हा तेच : आधी एरर होती.

रस्टकडून घेण्यासारखं एक आहे. मे २०१५ मध्ये १.० येण्याआधी त्यांनी सिस्टिमकडून येणाऱ्या स्ट्रिंगसाठी वेगळा टाइपच केला, ओएस-स्ट्रिंग. साधी स्ट्रिंग नेहमी वैध यूटीएफ-८. फाइलचं नाव तसं असेलच असं नाही, म्हणून ते वेगळ्या टाइपचं. लिहायला जरा त्रासाचं आहे, पण फाइलच्या नावांचा जो प्रश्न पायथॉनला शेवटच्या महिन्यात गाठून गेला, तो इथं टाइपच्या पातळीवर आधीच सुटला. तुमची भाषा स्थिर टाइपची असेल तर याचा गंभीरपणे विचार करा, आणि त्यासाठी तारीख पुढं ढकलावी लागली तरी ढकला. टाइप नंतर बदलता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाचं. उघडे बग घेऊन दोन-तीन माणसांनी एकत्र बसावं, त्यातला एक तरी विंडोजवर रोज काम करणारा असावा, आणि एक तरी असा, ज्याच्या मातृभाषेची लिपी लॅटिन नाही. हे प्रतिनिधित्वाखातर म्हणत नाही. ज्याला स्वतःचं नाव पडद्यावर बरोबर दिसतं की नाही हे एका नजरेत कळतं, त्याला लॉग वाचावे लागत नाहीत. प्रत्येक बगवर तीनच शिक्के मारा : डेटा गळतो, करार बदलतो, नुसती अंमलबजावणी. पहिले दोन प्रकार मिटेपर्यंत रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीआधी तपासायला दिलेली प्रत) काढू नका. मिटवणं म्हणजे दर वेळी दुरुस्त करणं नाही. अर्धवट वागणूक काढून तिथं एरर ठेवणं हेही मिटवणंच आहे, आणि त्याला सहसा एक दिवस पुरतो. तिसऱ्या प्रकाराची यादी आवृत्तीच्या टिपणात प्रामाणिकपणे छापा.

चाचणीची यंत्रं यूटीएफ-८ लावलेल्या लिनक्सपुरती ठेवू नका. सी लोकेलमध्ये एक फेरी, १२५२ च्या विंडोजवर एक, आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपमध्ये सोडून एक. एका फोल्डरमध्ये मुद्दाम अवैध बाइटचं नाव असलेली फाइल ठेवा. मराठी चाचणी-डेटात पुणे असू द्या, आणि "वऱ्हाड" नावाची एक फाइल. ऱ हे अक्षर एका कोडपॉइंटनं लिहिता येतं, किंवा र आणि नुक्ता असं दोन कोडपॉइंटनी. युनिकोडच्या दृष्टीनं दोन्ही समान. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवताना ते तोडून ठेवते, म्हणजे तुम्ही ज्या नावानं फाइल तयार केली, यादीत ते नाव बाइटच्या हिशेबानं वेगळं येतं. तुमची भाषा अशा वेळी काय करते, हे आवृत्तीच्या आधी माहीत असलं पाहिजे. ती आपणहून नॉर्मलाइझ करत नसेल, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करत नसेल, तरी चालेल. अर्धं करत असेल तर चालणार नाही.

एक प्रकारचा बग मात्र नेहमी तिसऱ्या खणात ढकलला जातो आणि तो तिथला नसतो. पायथॉनच्या रे या मजकुरात नमुने शोधणाऱ्या मॉड्यूलमध्ये शब्दाचं अक्षर शोधणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू आजही काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. "मराठी" या शब्दावर चालवा, "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे हाती येतात. त्या शब्दाला इझअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का) विचारलं तर उत्तर नाही असं येतं, आणि तोच शब्द व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतो. युनिकोडच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या अक्षरांत ही चिन्हं यायला हवीत; पर्ल ती धरतं, पायथॉनसाठी बाहेरून मिळणारं रेजेक्स पॅकेजही धरतं. हा दोष २०११ पासून नोंदलेला आहे. एरर येत नाही, चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून ते बदलायला सगळे घाबरतात. मराठी, हिंदी, तमिळ, बंगालीत शोध आणि शब्दगणना करणारा प्रत्येक नवशिका या खड्ड्यात पडतो आणि चूक आपली समजतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मोठी आवृत्ती ही असे दोष मिटवायची एकमेव खरी संधी असते आणि तेव्हाच ते "फक्त काही लिप्यांपुरते" म्हणून मागं पडतात. तुमच्या यादीत असं काही असेल, अक्षर कशाला म्हणायचं, शब्द कुठं तुटतो, तुलना कशी होते, तर त्यावर करार बदलतो असा शिक्का मारा आणि आत्ताच सोडवा.

राहिली जुनी आवृत्ती. ती बंद करायची तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून जाहीर करू नका. पायथॉन २.७ साठी आधी २०१५ ठरलं होतं, २०१४ मध्ये ते २०२० पर्यंत वाढवावं लागलं, आणि शेवटची २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये निघाली. लोक आळशी होते म्हणून असं झालं नाही. एकच कोड दोन्हीकडे चालवण्याची वाट नीट तयार झाली ती यू परत आल्यावर, म्हणजे ३.३ पासून. जँगो या वेब-फ्रेमवर्कचा पायथॉन ३ साठीचा पहिला प्रायोगिक आधार फेब्रुवारी २०१३ चा आहे. घड्याळ खऱ्या अर्थानं तेव्हा सुरू झालं, २००८ मध्ये नाही. तुम्हीही तसंच ठरवा : तुमच्या भाषेतल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी कोणत्या ते आज लिहून ठेवा, त्या सगळ्या दोन्ही आवृत्त्यांवर एकाच सोर्समधून चालू लागल्या की त्या दिवसापासून पाच वर्षं मोजा, आणि तोवर जुनीला सुरक्षेचे पॅच देत राहा.

कोड आपोआप बदलणाऱ्या साधनावर फार भिस्त ठेवू नका. पायथॉनचं टूटूथ्री वाक्यरचना बदलायचं, पण एखादी स्ट्रिंग मजकूर आहे की बाइट हे ते ओळखू शकत नव्हतं. ते फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. त्यापेक्षा चालत्या प्रोग्राममध्ये इशारा देणारा स्विच जास्त कामाचा. पायथॉन ३ मध्ये बी नावाचा असा स्विच आहे : मजकूर आणि बाइट यांची तुलना झाली की तो सांगतो, आणि दोनदा लावला तर एरर देतो. तुमच्याकडे तसा स्विच जुन्या आवृत्तीच्या पुढच्या छोट्या रिलीजमध्ये यायला हवा, नव्या आवृत्तीच्या पहिल्या रिलीज कँडिडेटच्या आधी.